सात यार्डांवरचा कागद

पिस्तूल हे फार अवघड हत्यार आहे. सिनेमात धावत्या गाडीतून एका हाताने, धड न बघता गोळी झाडतात आणि समोरचा कोसळतो. ते बघत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन पटत नाही. नेमबाजीच्या रेंजवर उभं राहून सात यार्डांवर, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटरवर टांगलेल्या कागदावर पहिल्या काही गोळ्या झाडल्या, की मग पटतं. भोकं कुठेही पडलेली असतात. एखादी तर कागदाला लागलेलीच नसते.

कारण साध्या गणितात आहे. मी वापरते ते ग्लॉक १९, नऊ मिलिमीटरचं. भरलेलं असताना त्याचं वजन साधारण साडेआठशे ग्रॅम. त्याचा ट्रिगर दाबायला मात्र अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोर एका बोटाने लावायचा आणि ती वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही. नेम धरायला पिस्तुलावर पुढे आणि मागे एकेक खूण असते, तिला साइट म्हणतात. त्या दोन साइटमध्ये अंतर असतं पंधरा सेंटिमीटर. त्यात पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर सात यार्डांवर गोळी चार सेंटिमीटर बाजूला जाते, पंधरा यार्डांवर नऊ. रायफलला लांब नळी असते, खांद्याचा आधार असतो. पिस्तुलाला आधार फक्त दोन हातांचा.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहर संपून शेतं सुरू होतात तिथल्या वस्तीत राहते. नवरा तेलविहिरीच्या कामावर, महिन्यातला निम्मा काळ समुद्रात. घरात दोन मुलं. शेरिफच्या गाडीला आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गल्लीतल्या एका घराचं मागचं दार दिवसाढवळ्या फोडलं गेलं, तेव्हा आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि पिस्तूल घ्यायचं ठरवलं. आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी काहींना हे आवडलेलं नाही. त्यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण त्यातला बराचसा खरा आहे. पण घ्यायचंच असेल, तर ते नुसतं कपाटात ठेवून भागत नाही. वापरायला न शिकता ठेवलेलं पिस्तूल घरातल्यांनाच जास्त धोक्याचं, हे माझं ठाम मत आहे.

आमची शिकवणारी बाई पोलिसातून निवृत्त झालेली आहे. साठी उलटलेली, बुटकी, आवाज मात्र कानावरच्या मफमधूनही ऐकू येईल असा. तिचा आवडता सराव म्हणजे डमी काडतुसांचा. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातला काडतुसांचा कप्पा, ती भरते, आपल्याला बघू देत नाही. खऱ्या काडतुसांत मध्येच एखादं लाल प्लॅस्टिकचं असतं. आपण नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. खरी गोळी असेल तर आवाज होतो, धक्का बसतो, पिस्तूल वर उसळतं, आणि त्या उसळण्यात आपला दोष लपून जातो. पण लाल काडतूस आलं की नुसतं 'टक' होतं. तेव्हा सगळ्यांना दिसतं, की धक्का बसलेलाच नसताना पिस्तुलाचं तोंड खाली गेलं. शरीराने धक्का येणार हे आधीच गृहीत धरलेलं असतं. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच हात मागे येतो ना, तसं. उजव्या हाताने झाडणाऱ्याची अशी गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. अनुभवी माणूस नुसता कागद बघून कुणाचं बोट काय करतंय ते सांगू शकतो.

"झटका देऊ नकोस, दाबत जा," असं ती म्हणते. "गोळी कधी सुटेल ते सुटेल. तू फक्त पुढची साइट बघ."

ऐकायला सोपं आहे. बंद रेंजमध्ये शेजारच्या लेनवर कुणी मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर झाडत असतं, त्याचा दणका छातीत जाणवतो, बारुदाचा वास असतो, रिकामी पुंगळी उडून मानेवर येते आणि चटका बसतो. पिस्तुलाच्या गोळीचा आवाज एकशे साठ डेसिबलच्या घरात जातो. म्हणून बंद रेंजमध्ये मी कानात बोळे घालून वर मफ लावते. या सगळ्या गोंगाटात एका बोटाला सावकाश, सरळ मागे, एकसारख्या जोराने यायला लावायचं. पूर्ण लक्ष पुढच्या साइटवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर. मला त्यात मनापासून आनंद मिळतो हे सांगायला हवं. भीतीपोटी सुरू केलेल्या गोष्टीत असं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर आधी साबणाने हात आणि तोंड खसखसून धुवायचं, कारण काडतुसातल्या शिशाची भुकटी हातावर, चेहऱ्यावर बसते. घरी गेल्यावर कपडे वेगळे टाकायचे, मग मुलांना जवळ घ्यायचं.

खरं शिक्षण मात्र घरीच होतं, रिकाम्या पिस्तुलावर. इथे त्याला ड्राय फायर म्हणतात. त्याची शिस्त कडक आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावायचं. मॅगझिन काढायचं, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं, मग पुन्हा बघायचं. नेम धरायचा तो बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे, ज्या दिशेला माणूस नाही. पुढच्या साइटमागे स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, एक नाणं ठेवायचं आणि ते न पडता ट्रिगर दाबायचा. ग्लॉकमध्ये दर वेळी स्लाइड थोडी मागे ओढून ट्रिगर पुन्हा तयार करावा लागतो, त्यामुळे कामाची गती आपोआप संथ राहते. मुलं झोपल्यावर, टीव्ही बंद करून, मी हे करते. यात बघण्यासारखं काहीही नाही. पण रेंजवर कागदावर भोकं जवळजवळ पडायला लागली ती यामुळे.

आज आपण पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणतो ते इतकं नेहमीचं वाटतं, की हे कुणाला तरी आधी सुचावं लागलं असेल असं मनातही येत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बिग बेअर इथे पिस्तुलांच्या वेगाच्या स्पर्धा भरत. बहुतेक जण एका हाताने, कमरेपासून झाडत. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरिफ खात्यातला जॅक वीव्हर हा डेप्युटी मात्र दोन्ही हातांनी पिस्तूल वर आणून साइट बघून झाडायचा. इतर जण वेगाने चुकत असताना तो किंचित उशिरा झाडून नेमकी मारायचा आणि जिंकायचा. जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने ते नीट पाहिलं, त्याला शास्त्राचं रूप दिलं, आणि १९७६ मध्ये ॲरिझोनात शाळा काढली. ती आज गनसाइट नावाने ओळखली जाते. वीव्हरचा तो पवित्रा आता मागे पडलाय. आम्हाला दोन्ही हात सारखे सरळ ठेवायला शिकवतात. पण साइट बघितल्याशिवाय वेगाला अर्थ नाही, हा धडा तिथलाच.

एका हाताची नेमबाजी ऑलिम्पिकमध्ये टिकून आहे, आणि तिच्यात आपलं कोल्हापूर आघाडीवर आहे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या प्रकारातल्या रॅपिड टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. हात खाली तिरका धरून उभं राहायचं, टार्गेट दिसताच वर आणायचा आणि तीन सेकंदांत एकच गोळी. ते चित्रीकरण मी कितीदा तरी बघितलंय. तिचं मनगट, तिचा श्वास, आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर तसाच स्थिर राहणारा हात. आम्ही जे करतो त्याच्या कितीतरी पट अवघड आहे ते. फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. राहीला माहीत असतं की टार्गेट वळलं की झाडायचं. माझ्या घरात रात्री काही घडलं तर झाडायचं की नाही, हाच सगळ्यात मोठा प्रश्न असणार.

माझ्या सगळ्या सरावाचा हेतू मला हळूहळू इथे येऊन उमगला. हातांचं काम हातांवर सोपवता यावं, म्हणजे डोकं निर्णयाला मोकळं राहील. पकड कशी, बोट कुठे, साइट कुठे, अडकलेलं काडतूस कसं काढायचं, हे आठवण्यात ज्याचा सेकंद जातो, त्याला समोरच्याच्या हातात काय आहे हे बघायला सेकंद उरत नाही. घाबरलेला आणि अडखळणारा माणूस लवकर गोळी झाडतो. ज्याला आपल्या हातांची खात्री आहे, तो थांबू शकतो. म्हणून जे म्हणतात की सरावाने माणूस बंदूक चालवायला उतावीळ होतो, त्यांच्याशी मी सहमत नाही. माझ्या बघण्यात उलट आलंय.

कूपरचे चार नियम इथल्या बहुतेक रेंजच्या भिंतीवर या ना त्या रूपात लिहिलेले असतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. जे नष्ट करायची तयारी नाही, त्यावरून नळीचं तोंड फिरू द्यायचं नाही. साइट टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि टार्गेट काय आहे, त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करायची. पहिले तीन रेंजवरच अंगवळणी पडतात, नाहीतर सेफ्टी ऑफिसर तुम्हाला बाहेर काढतो. चौथा रेंजवर शिकताच येत नाही, कारण तिथे कागदाच्या मागे मातीचा नाहीतर पोलादाचा बांध असतो. माझ्या घरात कागदाच्या जागी काय असेल, आणि मागे काय? टेक्ससमधली आमची घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती जिप्समच्या. नऊ मिलिमीटरची गोळी अशा एकामागून एक भिंती पार करून जाते. कऱ्हाडला आमच्या माहेरच्या वाड्याच्या भिंतीत गोळी रुतून बसली असती. इथे ती मुलाच्या खोलीत जाईल. मी दिवसाउजेडी, रिकाम्या हातांनी, घरभर फिरून बघितलंय: कुठे उभं राहिलं की मागे मुलांची खोली येते, कुठे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर, आणि कुठे फक्त गॅरेजची विटांची बाजू. अशी जागा आमच्या घरात एकच आहे, जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात. बाकी कुठूनही झाडायचं नाही, हे ठरलेलं आहे.

अंतराचंही तसंच. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्युलर यांनी मोजून दाखवलं, की चाकू घेऊन धावत येणारा माणूस एकवीस फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. प्रशिक्षित माणसाला होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी त्याचा एकवीस फुटांचा नियमच करून टाकला, एकवीस फुटांच्या आत कुणी आला तर झाडायची मुभा असल्यासारखा. त्यात तसं काहीही नाही. मी त्यातून घेतलेला अर्थ वेगळा आहे. आमचा बोळ एकवीस फुटांहून लहान आहे. म्हणजे कुणी बोळात आलाच, तर पिस्तुलाला उशीर झालेला असेल. म्हणून आधी दाराला लांब स्क्रूचं भक्कम कुलूप, बाहेर हालचालीवर लागणारा दिवा, खिडक्यांना खटके, आणि मग पिस्तूल. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात तो कुणी सांगत नाही.

कायदा तर आणखी काळजीपूर्वक वाचावा लागतो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगून फिरायला परवाना लागत नाही. परवान्याची सोय तरी आहेच, आणि मी तो घेतला, कारण त्यासाठी वर्ग करावा लागतो. बळाच्या वापराचा कायदा, भांडण हिंसेविना मिटवायच्या पद्धती, हत्यार मुलांपासून सुरक्षित ठेवणं, हे सगळं त्यात येतं. शेवटी पन्नास गोळ्यांची परीक्षा: तीन यार्डांवर वीस, सातवर वीस, पंधरावर दहा. अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण हवेत. ही परीक्षा पास होणं म्हणजे पोहायला येणं असं कुणी समजू नये.

इथल्या दंडसंहितेचं नववं प्रकरण मी सावकाश वाचलं. नुसत्या शब्दांनी डिवचलं म्हणून बळ वापरणं त्यात समर्थनीय मानलेलं नाही. जीवघेणं बळ तेव्हाच, जेव्हा ते त्या क्षणी आवश्यक आहे असं वाजवी माणसाला वाटेल. इथवर ते आपल्याकडच्या खासगी बचावाच्या हक्काशी जुळतं. पण त्याच प्रकरणात मालमत्तेच्या रक्षणासाठी, काही अटींवर, रात्री चोरी करून पळणाऱ्यावरही जीवघेणं बळ वापरायची मुभा आहे. मला ती मान्य नाही. माझी गाडी घेऊन कुणी पळाला तर विमा आहे. त्या माणसाच्या पाठीत गोळी घालायची परवानगी कायद्याने दिली म्हणून ती मी घ्यावी असं होत नाही. हे मी वर्गात बोलले तेव्हा दोघे-तिघे हसले. बाई हसली नाही.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या लुइझियानात, बॅटन रूजला, योशिहिरो हातोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. मित्राबरोबर चुकीच्या घराची बेल वाजवली. घरातली बाई घाबरली, नवरा रिव्हॉल्व्हर घेऊन आला, थांब म्हणून ओरडला. मुलगा थांबला नाही, आणि नवऱ्याने त्याला गोळी झाडून मारलं. फौजदारी खटल्यात तो माणूस निर्दोष सुटला. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र त्याला जबाबदार धरून मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलर द्यायला सांगितलं. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, विशेषतः आपल्या लोकांना. कारण या गोष्टीत आपण दोन्ही बाजूंना असू शकतो. आपलीच मुलं मित्राचं घर शोधत, गणपतीच्या आरतीचं आमंत्रण घेऊन, चुकीच्या दारात उभी राहतात. आणि बॅटन रूजच्या त्या घराचं दार बंद होतं. कुलूप लावून आत राहिलं असतं तर तो मुलगा आज पन्नाशीच्या आसपासचा असता.

आईला पिस्तुलाचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्या डोळ्यांसमोरची बंदूक म्हणजे मामांची, रानडुकरांसाठी परवाना काढलेली बाराबोरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची.

"अगं, पोरं आहेत घरात," ती म्हणाली.

"पेटीत असतं आई, कुलपात."

"कुलूप काय, पोरं उघडतात."

तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि आकडेही तिच्याच बाजूचे आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने गेलेल्या अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोर-दरोडेखोर त्या चित्रात फार मागे आहेत. घरात वाढत्या वयाचं मूल असेल, कुणी निराशेत असेल, तर धोका दाराबाहेर नसून आतच असतो. आमची पेटी पोलादाची, पलंगाच्या चौकटीला बोल्ट मारून बसवलेली, बोटांच्या खुणेवर चालणारी आहे. ती अंधारात, डोळे मिटून उघडायचा सरावही माझ्या सरावाचाच भाग आहे, कारण ती पटकन उघडता येते अशी खात्री असेल तरच माणूस हत्यार उशीखाली ठेवायच्या मोहातून सुटतो. ओळखीतल्या एका घरात मुलीची मनःस्थिती बिघडली, तेव्हा त्यांनी बंदूक घरातूनच हलवली आणि ती बरी झाल्यावरही परत आणली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

नव्याने आलेले काही जण विचारतात, आम्हीही घेऊ का? त्यांना मी आधी व्हिसा विचारते. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने, काही अपवाद सोडता, बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन झाडणंही त्याच कक्षेत येतं. मित्राच्या आग्रहाने गंमत म्हणून गेलात तर ग्रीन कार्डाचं प्रकरण अडचणीत येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर आधी वर्ग करा, दोन-तीन प्रकारची पिस्तुलं झाडून बघा, पेटी घ्या, आणि पिस्तूल सगळ्यात शेवटी.

मला सगळ्यात अवघड गेलं ते ओरडणं. नेम धरून उभं राहायचं आणि पूर्ण ताकदीने, पोटातून ओरडायचं: थांब, पुढे येऊ नकोस, पोलिसांना फोन केलाय. रेंजवर सगळ्यांसमोर ते करताना माझा आवाज घशातच अडकायचा. आम्ही मुली हळू बोला असं ऐकत वाढलेल्या. बाई माझ्या शेजारी उभी राहून स्वतः ओरडून दाखवायची. आता जमतं. ओरडल्याने समोरचा पळून जाऊ शकतो, आपलाच भाचा असेल तर 'मावशी, मी आहे' म्हणू शकतो, आणि शेजारी जागे होतात. या सरावात ती टार्गेटही बदलून टांगते. सारखाच चेहरा, सारखाच पवित्रा, पण एकाच्या हातात पिस्तूल आणि दुसऱ्याच्या हातात फोन. कागद वळेपर्यंत कळत नाही. फोनवाल्यावर झाडलं तर ती काही बोलत नाही, फक्त तो कागद उतरवून आपल्या हातात देते.

थंडीत आमच्या रेंजवर अंधारातल्या सरावाचा वर्ग आहे, डाव्या हातात टॉर्च घेऊन. या खेपेला नवराही येतोय, कारण तो घरी असताना रात्री दार वाजलं तर दोघांनी एकाच पद्धतीने वागायला हवं. मुलांच्या खोलीकडे मी जायचं, ९११ ला फोन त्याने लावायचा आणि लाइन चालू ठेवायची, जिन्याच्या कोपऱ्यापुढे दोघांपैकी कुणीही उतरायचं नाही. खाली टीव्ही असेल, लॅपटॉप असतील, गाडीच्या किल्ल्या असतील. ते नेऊ द्यायचं.